सांगाव्याची वाट : डिजिटल रिपीटरांच्या जाळ्यात हाक कशी पोचते

१९१४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात राहणाऱ्या हिरम पर्सी मॅक्सिम या हौशी बिनतारी चालकाला ऑडिऑन नावाची व्हॅक्यूम ट्यूब हवी होती, आणि ती विकायला तयार असलेला दुसरा हौशी स्प्रिंगफील्डला होता. अंतर सुमारे ४० किलोमीटर. मॅक्सिमचा संकेत तिथवर पोचेना. वाटेवर विंडसर लॉक्स या गावी तिसरा एक हौशी होता. मॅक्सिमने त्याच्याकडे निरोप दिला, त्याने तो पुढे दिला आणि काम झाले. या अनुभवातून त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था उभी राहिली. तिच्या नावातल्या 'रिले'ला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : सांगावा. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असा माणसामाणसांतून चालत जाणारा निरोप.

या प्रस्तावनेचा विषय हाच सांगावा आहे, फक्त आजचा. एका डोंगरावरच्या डिजिटल रिपीटरवर बोललेले शब्द हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या रिपीटरवर कसे पोचतात, आणि नेमके तिथेच का पोचतात? विषय आडवाटेचा आहे हे मी जाणतो. हॅम रेडिओची हौस असलेल्यांपैकीही पुष्कळजण बटण दाबतात, आवाज जातो, आणि तेवढ्यावर समाधान मानतात. वाचकांनी त्या बटणामागे थोडे थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. माणसाचा पत्ता म्हणजे काय, या साध्या प्रश्नाला तिथे एक विलक्षण देखणे उत्तर मिळालेले आहे, आणि ते हौशी लोकांनी आपल्या हाताने चालवून दाखवले आहे.

ज्यांना रिपीटर ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. हातात मावणाऱ्या संचाची शक्ती साधारण ५ वॅट असते, आणि तो ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतो त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. भारतात हौशींना मिळालेला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा यातलाच. मध्ये टेकडी आली की बोलणे खुंटले. म्हणून उंचावर एक स्वयंचलित केंद्र बसवतात. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच अधिक जोराने बोलते. उंच जागेची किंमत सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. मात्र जुन्या एफएम रिपीटरला कोण बोलतो आहे आणि कोणाशी बोलतो आहे, याची काहीच कल्पना नसते. तो आवाज उचलतो आणि पुढे फेकतो. असे दोन रिपीटर एकमेकांना जोडले तर दोन्हीकडच्यांना दोन्हीकडचे ऐकू येते, ते ठीक. वीस जोडले तर गलका होतो. कोणाचा आवाज कुठे न्यायचा हे ठरवण्यासाठी आवाजासोबत नाव प्रवास करायला हवे, आणि ते आवाजाचे आकडे झाल्यावरच नीट शक्य झाले.

ही वाट जपानमध्ये आखली गेली. जपान अमॅच्युअर रेडिओ लीग या संस्थेने सरकारी साहाय्याने १९९९ च्या सुमारास डिजिटल हौशी रेडिओचा अभ्यास सुरू केला आणि २००१ मध्ये 'डी-स्टार' हे मानक प्रसिद्ध केले. आयकॉम कंपनीने त्यावर चालणारे संच आणि रिपीटर बाजारात आणले. पुढे इतर पद्धतीही आल्या आणि त्यांतल्या काही आज अधिक वापरात आहेत. तरीही नव्या वाचकाने सुरुवात डी-स्टारपासून करावी असे मी आग्रहाने म्हणेन, कारण मार्ग शोधण्याची सगळी क्रिया त्यात उघड्यावर मांडलेली दिसते. घड्याळ शिकायचे तर काचेच्या पाठीचे घ्यावे, तसे.

डी-स्टारवर तुम्ही बटण दाबता तेव्हा आवाजाआधी ४१ बाइटांचे एक शीर्षक रवाना होते. वाटेतल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून ते फुगवून ६६० बिटांचे केलेले असते, आणि सेकंदाला ४,८०० बिट या गतीने जायला त्याला सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा लागतो. तेवढ्यात चार नावे निघून जातात. वाचकांनी ती पाकिटावरच्या मजकुरासारखी वाचावीत. 'माय' म्हणजे पाठवणारा. 'यूआर' म्हणजे ज्याला पाठवायचे तो. 'आरपीटी १' म्हणजे ज्या रिपीटरच्या पेटीत तुम्ही पत्र टाकता तो. 'आरपीटी २' म्हणजे ज्या दारातून ते गावाबाहेर जायचे ते दार, बहुधा त्याच रिपीटरचा गेटवे, म्हणजे त्याला इंटरनेटशी जोडणारा संगणक. आपल्या जुन्या पत्रांवर 'मु. पो.'च्या आधी कधी 'मार्फत अमुक' असे लिहिलेले असायचे. 'आरपीटी २' हा तसा 'मार्फत' आहे. तो रिकामा ठेवलात तर पत्र गावातच फिरते.

प्रत्येक नावाला आठ घरे असतात. हौशी रेडिओत परवानाधारकाला जगात दुसऱ्या कोणाचे नसलेले नाव मिळते, त्याला कॉलसाइन म्हणतात. भारतीय हौशींचे कॉलसाइन सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. कॉलसाइन डावीकडून भरायचे आणि आठवे घर वेगळ्या कामासाठी राखायचे. रिपीटरच्या बाबतीत जपानबाहेरच्या प्रथेप्रमाणे आठव्या घरातले 'सी' म्हणजे दोन मीटरचा पट्टा, 'बी' म्हणजे सत्तर सेंटीमीटरचा, 'ए' म्हणजे १.२ गिगाहर्ट्झचा, आणि 'जी' म्हणजे गेटवे. मधली घरे रिकामी राहिली तर ती रिकामीच ठेवावी लागतात. या जगात रिकामी जागा हेदेखील अक्षर आहे. एक घर चुकून सातव्याचे आठवे झाले की पत्ता दुसऱ्याचा होतो आणि हाक कुठेच जात नाही. नवख्यांचे पहिले काही दिवस बहुतेक याच एका चुकीत जातात, तेव्हा तुमचेही गेले तर मन खट्टू करून घेऊ नका.

खरी गंमत 'यूआर' या घरात आहे. तिथे 'सीक्यूसीक्यूसीक्यू' लिहिले की ती दवंडी झाली : ऐकेल त्याला, इथल्या इथे. तिरकी रेघ देऊन एखाद्या रिपीटरचे नाव लिहिले की हाक त्या जागी जाते, मग तिथे कोणी असो वा नसो. आणि एखाद्या व्यक्तीचे कॉलसाइन लिहिले, तर हाक त्या व्यक्तीकडे जाते. ती कुठे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, कारण ते तुम्हाला माहीतच नाही. तरी ती जाते.

कशी? कोणी रिपीटरवर बोलले की तिथला गेटवे नोंद करतो : अमुक कॉलसाइन अमुक रिपीटरवर ऐकले, अमुक वेळी. ही नोंद जाळ्यातल्या इतर गेटवेंपर्यंत पोचवली जाते. तुमचा गेटवे 'यूआर'मधले नाव या वहीत शोधतो, त्यापुढे लिहिलेला रिपीटर काढतो आणि तुमच्या आवाजाचे तुकडे तिकडे रवाना करतो. हे तुकडे २० मिलिसेकंदांचे असतात. प्रत्येकात आवाजाचे ७२ बिट आणि इतर माहितीचे २४. सकाळी डॅलसच्या रिपीटरवर बोललेला माणूस संध्याकाळी ह्यूस्टनला पोचून तिथे नुसते क्षणभर बटण दाबून सोडतो, आणि वहीतला त्याचा पत्ता बदललेला असतो. त्याने कोणालाही कळवलेले नसते.

मोबाइलच्या जाळ्यातही अशीच वही असते, हे जाणकार वाचकांच्या लक्षात आले असेल. पण तिथे फोन खिशात असतानाही आपला ठावठिकाणा स्वतःहून कळवत राहतो. इथे तसे नाही. हौशी चालकाचा पत्ता तो बोलतो तेव्हाच तयार होतो. जो गप्प बसला, तो जाळ्याच्या दृष्टीने जिथे शेवटचा बोलला तिथेच बसलेला असतो, मग प्रत्यक्षात तो दोन राज्ये ओलांडून गेलेला का असेना. मला या सगळ्या रचनेतली हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते. माणसाचा माग काढायचा नाही; त्याने स्वतः ओ दिली की तेवढे लक्षात ठेवायचे.

या कल्पनेचे मोल कळायला तिच्या आधीची पिढी पाहावी. १९८० च्या दशकात हौशींनी पॅकेट रेडिओ उभा केला. त्यातल्या एएक्स.२५ या पद्धतीतही पत्ता म्हणून कॉलसाइनच असे, पण वाट मात्र पाठवणाऱ्याने लिहायची. अमुककडून तमुककडे, मग त्याच्या पुढच्याकडे, अशी जास्तीत जास्त आठ मधली केंद्रे शीर्षकात नोंदवता येत. म्हणजे मुलूख ठाऊक असल्याशिवाय पत्र धाडता येत नसे. डी-स्टारने वाट आठवण्याचे काम जाळ्याकडे दिले आणि माणसाकडे फक्त नाव आठवण्याचे काम ठेवले.

वही कोणी सांभाळायची, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. जपानबाहेर सुरुवातीच्या काळात हे काम डॅलस इथल्या हौशींच्या गटाने चालवलेल्या एका मध्यवर्ती सर्व्हरकडे होते. चालकाने एखाद्या गेटवेवर एकदा नोंदणी करायची, ती सर्व्हरमार्फत सगळीकडे पसरायची. पुढे जर्मनीतल्या हौशींनी वेगळी तोड काढली. त्यांनी या नोंदी फिरवण्यासाठी इंटरनेट रिले चॅट, म्हणजे १९८८ मध्ये फिनलंडमध्ये गप्पांसाठी जन्मलेली व्यवस्था, कामाला लावली. एखाद्या गेटवेने नोंद बोलून दाखवायची आणि खोलीत बसलेल्या बाकीच्या गेटवेंनी ती ऐकून आपापल्या वहीत उतरवायची. यंत्रांनी यंत्रांशी अशा गप्पा माराव्यात ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते, आणि आयआरसीडीडीबी या तिच्या रुक्ष नावामुळे ती दुर्लक्षित राहते याचे वाईट वाटते.

आता या वाटेवरची एक खाच. तुमची हाक मित्राच्या रिपीटरवर पोचली, त्याने ऐकली आणि आनंदाने उत्तर दिले. पण त्याच्या 'यूआर'मध्ये अजून 'सीक्यूसीक्यूसीक्यू' आहे. त्याचे उत्तर त्याच्या गावात घुमले, तुमच्यापर्यंत आले नाही. प्रत्येक दिशेचा मार्ग स्वतंत्र असतो. एकाने दार उघडले म्हणून दुसऱ्याचे उघडत नाही. यासाठी संचांवर एक बटण दिलेले असते, जे नुकत्याच आलेल्या हाकेतले 'माय' उचलून तुमच्या 'यूआर'मध्ये बसवते. वाचकांनी संचाच्या माहितीपुस्तिकेतले हे एकच पान आधी शोधले तरी चालेल. आणखी एक : बोलून झाल्यावर आयकॉमच्या संचांच्या पडद्यावर कधी 'यूआर?' असे उमटते. प्रश्नचिन्ह पाहून अनेकांना ती चूक वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा, की हाक निघाली, अजून कोणी ओ दिली नाही. काळजी करायची ती 'आरपीटी?' दिसले तर.

शिष्टाचाराचाही भाग आहे. तुम्ही ज्या रिपीटरवर हाक पाठवता तिथे आधीच दोघे बोलत असू शकतात, आणि तुम्हाला ते ऐकू येत नसते. शिवाय नावाने मारलेली हाक खासगी नसते. पाकिटावर एकाचे नाव असले तरी पत्र सगळ्या आळीत मोठ्याने वाचले जाते, तुमच्या गावी आणि त्याच्याही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार देशोदेशींच्या हौशींमधल्या बोलण्याचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. मला हे बंधन वाटत नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याचे नाव घ्यावे आणि बोलणे मात्र चारचौघांत ऐकू जाण्याजोगे असावे, यात एक खानदानी मोकळेपणा आहे.

वाचक विचारतील, मग आज सगळे असेच बोलतात का? नाही, आणि हे प्रांजळपणे सांगायला हवे. डी-स्टारच्या जाळ्यात पुढे रिफ्लेक्टर आले. रिफ्लेक्टर म्हणजे इंटरनेटवरचा एक सर्व्हर. त्याला जोडलेल्या कोणत्याही रिपीटरवर आलेला आवाज तो बाकीच्या सगळ्यांकडे परतवतो. मग कोणाचे नाव लिहायची गरज उरत नाही. जागा ठरलेली असते, जमायचे आणि बोलायचे. लोकांनी सांगाव्यापेक्षा कट्टा निवडला. कारण समजण्यासारखे आहे : सांगाव्याला निदान एक ओळखीचे नाव लागते, कट्ट्यावर अनोळखी माणूसही जाऊन उभा राहू शकतो. दोन्ही दिशांचे मार्ग जुळवण्याची कटकटही तिथे नाही. मला कट्टा प्रिय आहे. पण नव्या चालकाला फक्त कट्टा दाखवून परत पाठवणे म्हणजे त्याला पोस्टाची ओळख न करून देता मोठे करणे होय.

डीएमआर या पद्धतीत कट्ट्याचेच राज्य आहे. युरोपीय मानक संस्था एट्सीने २००५ मध्ये ती व्यावसायिक वापरासाठी प्रसिद्ध केली आणि हौशींनी नंतर आपलीशी केली. तिच्यात एकच फ्रिक्वेन्सी ३० मिलिसेकंदांच्या दोन आळीपाळीच्या कप्प्यांत वाटलेली असते, त्यामुळे एका रिपीटरवर दोन संभाषणे शेजारी शेजारी चालतात. इथे नावांच्या जागी आकडे येतात. गटांना आकडा, माणसाला आकडा. मोबाइलच्या जगात भारताचा संकेत ४०४ आहे, तोच धागा पकडून अनेक भारतीय हौशींचे डीएमआर क्रमांक ४०४ ने सुरू होतात. ब्रँडमायस्टरसारख्या जाळ्यात तुम्ही एखाद्या गटाचा आकडा लावून बटण दाबलेत की तुमचा रिपीटर काही मिनिटांपुरता त्या गटाचा सभासद होतो, आणि कोणी बोलले नाही की आपोआप बाहेर पडतो. याच जाळ्यात एका व्यक्तीला थेट बोलावण्याचीही सोय आहे, आणि तेव्हा काय होते? ती व्यक्ती शेवटी कुठल्या रिपीटरवर ऐकली गेली ते पाहिले जाते. वही तीच आहे.

यातले काहीही इंटरनेटशिवाय चालत नाही, हे वाचकांनी विसरू नये. तार तुटली की गेटवे मुका होतो. रिपीटर उरतो तो आपल्या गावापुरता. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात गेलेल्या भारतीय हौशींनी त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवर निरोप पोचवले ते शॉर्टवेव्हवर, थेट आकाशातून. आपत्तीसाठी तयारी करणाऱ्याने ती विद्या आधी आत्मसात करावी. सांगाव्याच्या या जाळ्याचा उपयोग वेगळा आहे : ते रोजच्या दिवसांत माणसे एकमेकांना ओळखीची करून ठेवते.

भारतात प्रक्षेपण करण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगचा परवाना लागतो आणि त्याआधी परीक्षा द्यावी लागते. परीक्षा कठीण नाही, सामान्य आणि निर्बंधित अशा दोन श्रेणी आहेत. परवाना हातात आल्यावर इंटरनेटशी जोडलेल्या केंद्रांविषयीच्या अटी स्वतः वाचाव्यात, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. शिकताना जवळच्या अनुभवी हॅमच्या शेजारी बसून एक संध्याकाळ नुसता पडदा पाहावा. आवाज यायच्या आधी नाव उमटते, तो क्षण डोळ्यांनी पाहिला की वर सांगितलेले शीर्षक कायमचे समजते. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी एम१७ या नव्या खुल्या पद्धतीकडेही वळावे. ती पोलंडमध्ये सुरू झाली. वॉर्सातल्या ज्या क्लबात ती जन्मली त्याचा पत्ता मोकोतोव्स्का १७, तोच तिचे नाव झाला. डी-स्टार आणि डीएमआर या दोन्हींमधला आवाज लहान करणारा कोडेक पेटंटांच्या कुंपणात वाढलेला; एम१७ ने कोडेक-२ हा खुला कोडेक घेतला. तिच्यात अक्षरे, अंक, रिकामी जागा आणि तीन चिन्हे अशा ४० खुणांचा संच घेऊन नऊ घरांचे कॉलसाइन ४८ बिटांत बसवले आहे. चाळीसचा नववा घात दोनच्या अठ्ठेचाळिसाव्या घाताहून थोडासाच लहान आहे, म्हणून ते बसते. कागदावर एकदा करून पाहा.

आणि संच घेऊन बसलात की पहिल्याच दिवशी कोणाला हाक मारू नका. बहुतेक डी-स्टार गेटवेंवर प्रतिध्वनीची सोय असते : 'यूआर'ची पहिली सात घरे रिकामी ठेवून आठव्यात फक्त 'ई' लिहायचे, 'आरपीटी २'मध्ये गेटवे भरायचा. बटण दाबा, एक सेकंद थांबा, म्हणजे शीर्षक पुढे जाईल आणि पहिला शब्द कापला जाणार नाही. मग आपले कॉलसाइन सांगून दोन वाक्ये बोला आणि बटण सोडा. काही क्षणांत तुमचाच आवाज डोंगरावरून परत येईल, किंचित यांत्रिक, पण तुमचा. त्याच क्षणी वहीत तुमची पहिली नोंद झालेली असेल, आणि आता तुमचे नाव लिहून कोणी हाक मारली तर ती तुमच्याकडे येईल.